पुसल्यापासून अकरा किलोमीटर

वीस किलोचं वजन दोन्ही हातांनी उचलून तो ते काट्यावर ठेवणार, तेवढ्यात शर्टाच्या खिशातला फोन थरथरला. छातीवरच थरथरल्यामुळे क्षणभर त्याला वाटलं, आपल्यालाच काहीतरी झालं. तरी वजन त्याने नीट मधोमध ठेवलं, हात काढले, आकडा स्थिर होईपर्यंत थांबला, तो वहीत लिहिला आणि मगच फोन काढला. एकतीस वर्षं वजनमापं तपासण्याची नोकरी केलेला माणूस तो; घर पेटलं असतं तरी त्याने आधी आकडा स्थिर होऊ दिला असता. फोनवर एक हिरवी पट्टी आली होती. 'हिची गाडी' बऱ्याच दिवसांत तपासली नाहीत, आता जोडायची का, असं ती विचारत होती. 'हिची गाडी' हे नाव त्यानेच टाकलं होतं. दोन वर्षांपूर्वी गाडी तपासायच्या त्या सॉफ्टवेअरने गाडीला काहीतरी नाव द्या म्हटलं तेव्हा त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं. ही, त्याची बायको, जाऊन चार महिने झाले होते. गाडी पोलिसांच्या आवारात, नाक आत गेलेल्या अवस्थेत, भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिच्यात जोडायला आता काही शिल्लक नव्हतं. पण हे त्या फोनला कोण सांगणार! हिचे कपडे कपाटातून निघाले, औषधं निघाली, दाराबाहेरच्या चपला निघाल्या. सगळं त्याने एकेक करून, मन घट्ट करून काढलं. हे एवढं मात्र खिशातच राहून गेलं होतं, आणि आज भर दुकानात, अनोळखी माणसासमोर ते बोललं.

"साहेब, बरोबर आहे ना काटा?" हार्डवेअरचा दुकानदार विचारत होता. खिळे, साखळ्या, तारांची वेटोळी असा सगळा वजनावर विकायचा माल. तो "हो" म्हणाला. काटा बरोबरच होता. बरोबर असणारच, कारण काट्याचं ताट लख्ख पुसलेलं होतं आणि कोपऱ्यातल्या स्क्रूभोवती अजून पाण्याचा ओलावा होता. साहेब तपासायला येणार म्हटलं की दुकानदार काटा पुसतात, हे त्याला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. पुसू नये असा नियम होता. काटा रोज जसा वापरात असतो तसाच तपासायला द्यायचा. कारण महिनोन् महिने ताटाखाली साचलेला गंज, तेल, भुसा हीच तर तपासायची गोष्ट. पुसलेला काटा खरंच बोलतो, पण फक्त त्या दिवसापुरतं. त्याला हे कळायचं आणि तो कुणाला काही बोलायचा नाही. माणसाला तोंडावर खजील करू नये, असं त्याचं एक तत्त्व होतं, आणि त्या तत्त्वाचा त्याला थोडा अभिमानही होता. ही त्याला चिडवायची, "काय हो काटेवाले, आज कुणाकुणाला सोडून आलात?" आज मात्र स्क्रूभोवतीचं ते पाणी त्याने बोट लावून पाहिलं. शिक्का मारायला उचललेला हात तसाच राहिला. "पुसलात का हो?" त्याने विचारलं. दुकानदार गडबडला, हसला. "साहेब, धूळ होती जरा. तुमच्यासमोर घाण काटा कसा ठेवायचा?" तेवढंच. घाण काटा कसा ठेवायचा. त्यात लबाडी अशी नव्हतीच, होती ती नुसती लाज. आणि त्याला आपली पार्किंगमधली ती सकाळ आठवली. आठवली म्हणण्यात काही अर्थ नाही, ती गेलीच कुठे होती? चार महिने ती त्याच्या मागेमागेच होती.

वजनांची पेटी उद्या नेतो असं सांगून तो बाहेर पडला आणि बस थांब्यावर येऊन नुसता बसून राहिला. सकाळी निघताना मुलगी म्हणाली होती, "बाबा, आज सही करा हां. वकीलबाई उद्या सकाळी कागद न्यायला येणार आहेत." कागद म्हणजे गॅरेजवाल्या मिस्त्रींविरुद्धची तक्रार. गाडी तपासायला दिली असताना ब्रेकचा दोष शोधला नाही, निष्काळजीपणा केला, आणि त्यामुळे एका बाईचा जीव गेला. चार पानं होती आणि मुलीने ती स्वतः, रात्री जागून, रडत रडत लिहिली होती. पहिल्या पानावर आईचं वय होतं, व्यवसाय होता. 'घरोघरी जाऊन रुग्णांना व्यायाम शिकवणे'. ते वाचून त्याला वाटलं होतं, एवढंच? पक्षाघात झालेल्या माणसांना ती चालायला लावायची. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यांना दम द्यायची, "उचला पाय, मला काय फसवता!" आणि ते उचलायचे. माणूस जिना चढत असला की ती नुसत्या आवाजावरून सांगायची, डाव्या गुडघ्यावर भार टाकत नाही हा. तेवढं सगळं एका ओळीत कुठून मावणार. कागदाच्या शेवटच्या पानावर सहीसाठी रेघ आखलेली होती. तीन आठवडे तो ती रेघ टाळत होता. चष्मा सापडत नाही म्हणाला, नीट वाचू दे म्हणाला, एकदा तर चक्क डोकं दुखतंय म्हणून झोपून राहिला. मुलीला वाटत होतं, बाबा अजून सावरले नाहीत. ती त्याच्या पांघरुणाची घडी घालायची, त्याच्यासाठी आल्याचा चहा करायची, आणि तो चहा घशाखाली उतरताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कारण गाडी तपासायची ती डबी मुलीनेच दिली होती. पंचावन्नाव्या वाढदिवसाला. काड्यापेटीएवढी काळी डबी, स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ एक खाच असते तिच्यात खोचायची, की गाडीच्या पोटात काय चाललंय ते फोनवर दिसू लागतं. "बाबा, तुम्हाला सगळं मोजायची हौस ना, घ्या," ती म्हणाली होती. त्या दिवशी जेवण बाजूला ठेवून तो दोन तास पार्किंगमध्ये बसला. इंजिनाचं तापमान, बॅटरीचा दाब, चाकांचे फेरे, सगळे आकडे ओळीने हलत होते. एवढी वर्षं तो लोकांचे काटे तपासत आला होता. आता एक अख्खी गाडी काट्यावर चढली होती. पुढे त्याचा हात बसला. शेजाऱ्यांच्या, कचेरीतल्यांच्या गाड्यांत पिवळा दिवा लागला की ते त्याला बोलवायचे. डबी खोचायची, एक अक्षर आणि चार आकडे असा दोष दिसायचा, इंटरनेटवर तो शोधायचा, कुणीतरी हौशी माणसाने लिहिलेलं असायचं की काही नाही, पुसून टाका. खाली एक बटण होतं, 'सगळं पुसा'. ते दाबलं की दिवा विझायचा. दिवा विझला की समोरच्याच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव यायचा तो पाहायला त्याला आवडायचं. आयुष्यभर लोक त्याला पाहून काटे पुसत आले होते. आपल्याला पाहून कुणी खूश झालेलं त्याने त्याआधी पाहिलं नव्हतं. बहुतेक वेळा खरंच काही नसायचं. तिथेच तर घोळ झाला. दहापैकी आठ वेळा काही निघालं नाही, म्हणून उरलेल्या दोनांकडे पाहायची सवयच मोडली.

हिच्या गाडीत दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा ती घरी येऊन पर्स टेबलावर टाकत म्हणाली, "अहो, ब्रेक मध्येच दगड झाला." तो हसला. ब्रेक दगड होतो म्हणजे काय? "दगड म्हणजे दगड. दाबला तर दबेच ना. दोन सेकंद. मग झाला नेहमीसारखा." त्याने डबी लावली. एक अक्षर, चार आकडे. ब्रेकला जोर देणारा एक छोटा पंप असतो, पाय ठेवला की बाकीची ताकद तो लावतो. त्या पंपाबद्दल काहीतरी होतं. इंटरनेटवर सतरा जणांची सतरा मतं. कुणी म्हणत होतं पंप बदला, कुणी म्हणत होतं पावसाळी हवेत असा खोटा दिवा लागतो, पुसा आणि विसरा. त्याने दुसरं मत धरलं. धरलं म्हणजे, ते त्याला हवंच होतं. पुसण्याआधी एक पान दिसलं होतं. दोष आला त्या क्षणी गाडी कशी होती, त्याची नोंद गाडी ठेवते. वेग ताशी बेचाळीस, इंजिन अठ्ठ्याऐंशी अंश, ब्रेकवर पाय. ब्रेकवर पाय हे वाचून त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. पण त्याने हिला विचारलं नाही की बेचाळीसच्या वेगात तू कुठे होतीस, समोर काय होतं, घाबरलीस का. त्याने बटण दाबलं. ते पान, तो क्षण, तिचा पाय, सगळं गेलं. आता तो त्या बेचाळीसच्या आकड्याला इतका घट्ट धरून होता की कधी कधी बसच्या नंबरातही तो दिसला की उठून उभा राहायचा.

महिन्याभराने दिवा पुन्हा लागला. त्याने पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा ती बोलली ते स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हात पुसता पुसता, आणि तिच्या आवाजात नेहमीची मस्करी नव्हती. "तुमच्या फोनला काय दिसायचं ते दिसो. माझ्या पायाला कळतंय. मी आयुष्यभर लोकांच्या पायांचं ऐकत आलेय. या ब्रेकमध्ये काहीतरी आहे. शनिवारी गाडी मिस्त्रींकडे टाका, नाहीतर मी रिक्षाने जाते." तो दुखावला. आता सांगायला लाज वाटते, पण तो खरंच दुखावला. शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर त्याने सवयीने डबी लावली. पंपाचा दोष होताच. आणि त्याच्याखाली आणखी पाच-सहा दोष होते, ते त्याच्या स्वतःच्या उद्योगांचे. मधे एकदा त्याने सॉफ्टवेअरमधून दारांच्या कुलपांची मांडणी बदलून पाहिली होती, दिव्यांची वेळ बदलली होती, काही अर्धवट सोडलं होतं, त्याचा सगळा पसारा तिथे नोंदलेला. मिस्त्री हे पाहणार. मागच्या खेपेला मिस्त्री हसत म्हणाले होते, "साहेब, तुम्ही घरीच इलाज करून आणता, मग मी काय नुसती नाडी बघू?" चारचौघांत म्हणाले होते, आणि खुर्च्यांवर बसलेले दोघे-तिघे हसले होते. तेवढंच कारण. याहून मोठं कारण शोधायचा त्याने चार महिने प्रयत्न केला, पण सापडलं नाही. पसारा दिसू नये म्हणून त्याने बटण दाबलं. वाटलं, खराच दोष असेल तर मिस्त्रींना दिसेलच की. काटा तपासायच्या आधी पुसू नये हा नियम त्याला एकतीस वर्षं पाठ होता, आणि त्या सकाळी तो त्याला आठवला नाही. सकाळी पावणेदहा वाजले होते. वरून, गॅलरीतून, हिने हात हलवला होता.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी आपलं मोठं मशीन लावलं. तो खुर्चीत पेपर धरून बसला होता, पण वाचत नव्हता. मिस्त्री बराच वेळ पडद्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "मेमरी कोरी आहे. एकही दोष नोंदलेला नाही." तो म्हणाला, "हो का? हिला वाटतं ब्रेक घट्ट होतो." मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. गाडी काढली, दोन चकरा मारून आले, ब्रेक लोण्यासारखा चालत होता. ऑइल बदललं, चकत्या बदलल्या, एक-दोन जोडण्या साफ केल्या. "आता तरी काही दिसत नाही. लक्ष ठेवा," म्हणाले. दोष पुन्हा नोंदला जायला गाडीला काही दिवस चालू द्यावं लागतं, हे त्याला माहीत होतं. त्याने ते सांगितलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर हिने विचारलं, "सगळं सांगितलंत ना त्यांना? दिवा तीनदा लागला ते?" तो बूट काढत होता. खाली वाकलेला होता म्हणून बरं. "हो, सगळं दाखवलं," तो म्हणाला. "काही नाही म्हणाले." आणि तिने सुटकेचा श्वास टाकला. त्याने तो ऐकला. "मग झालं," ती म्हणाली. "मिस्त्रींनी बघितलंय म्हणजे काळजी नाही." त्यानंतर एकोणीस दिवस ती निर्धास्त गाडी चालवत होती. पायाचं ऐकणारी बाई. तिने मिस्त्रींवर विश्वास ठेवून आपल्या पायाचं ऐकणं बंद केलं. ते बंद करायला कुणी लावलं?

एकोणिसाव्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या उतारावरून ती येत होती. उताराच्या तळाशी एक ट्रक बंद पडून उभा होता, भर दिवसा, सगळ्यांना दिसत होता, तिलाही दिसला असणार. हातब्रेक पूर्ण ओढलेला सापडला. डॉक्टर त्याच्याच वयाचे होते, त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की उजव्या पायाची हाडं टाचेपासून मोडली आहेत. शेवटपर्यंत बाईंनी ब्रेक दाबून धरला होता. सांत्वन म्हणून सांगितलं असावं, की बाई डगमगल्या नाहीत. नंतर तपासणीचा अहवाल आला. ब्रेकचा पंप चाललाच नव्हता. मुलगी तो कागद घेऊन तडक गॅरेजवर गेली. मिस्त्री त्याआधी एकदा घरी येऊन गेले होते, दाराशीच उभे राहिले होते, आत या म्हटलं तरी आले नव्हते, आणि गेले तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं. मुलगी गॅरेजवरून परत आली ती चपला न काढताच आत आली. "कबूल केलं त्यांनी," म्हणाली. "म्हणाले, चूक माझी. माझ्या ध्यानात यायला हवं होतं. इतक्या थंडपणे म्हणाले, बाबा!" त्याने पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला. मनाशी म्हणाला, सांगितलं तर पोरगी डबीचा दोष स्वतःवर घेईल. मी दिली नसती तर, असं जन्मभर म्हणत राहील. आई गेली, वर हे कशाला? हे कारण चांगलं होतं, कुणालाही पटण्यासारखं. फक्त रात्री पाठ टेकली की त्याला कळायचं की या कारणाच्या आडोशाला आपण स्वतःच बसलो आहोत.

बस आली. ती घराकडे जाणारी नव्हती. तो चढला.

गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. आत एकच गाडी होती, तीही झाकून ठेवलेली. पूर्वी या जागेत पाय ठेवायला फट नसायची. मिस्त्री बाकावर बसून एक जुना भाग रॉकेलमध्ये धूत होते. त्याला पाहून उठले, हात पुसले, खुर्ची पुढे केली. "साहेब, बसा. चहा सांगू?" त्याला वाटलं, या माणसाने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. तो बसला नाही. वाटेत बसमध्ये त्याने वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडात येईना. "मिस्त्री," तो म्हणाला, "त्या दिवशी मेमरी कोरी नव्हती. मी पुसून आणली होती. घरून निघताना."

मिस्त्रींनी मान हलवली. "माहितीये."

मिस्त्री कपाटाकडे गेले. त्यांची एक लांबट वही होती, येणारी प्रत्येक गाडी ते तिच्यात हाताने लिहून ठेवायचे, मशीन आल्यावरही ती सवय सुटली नव्हती. पान त्यांना शोधावं लागलं नाही. वही तिथेच उघडली. तारीख, गाडीचा नंबर, आणि खाली निळ्या शाईत एक ओळ: 'मेमरी कोरी. पुसल्यापासून ११ कि.मी.' "मशीन तेवढं सांगतं," मिस्त्री म्हणाले. "काय पुसलं ते नाही सांगत. पण पुसून गाडी किती चालली ते सांगतं. तुमचं घर इथून अकरा किलोमीटर. मला तेव्हाच कळलं की सकाळी निघताना पुसलीये."

"मग विचारलं का नाही?" हे त्याने जवळजवळ ओरडूनच विचारलं, आणि ओरडल्यावर त्याला स्वतःचंच नवल वाटलं.

मिस्त्री खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. "काय विचारायचं? पंधरा वर्षं येताय तुम्ही. मागं मी एकदा थट्टा केली, तुम्हाला ती लागली होती, माझ्या लक्षात होतं. तुम्ही तिकडं पेपर उघडून बसला होतात, पान उलटत नव्हतात. म्हटलं, विचारलं तर यांना खोटं बोलावं लागेल. कशाला माणसाला अवघड करायचं? जातीनं बघू, चालवून बघू. चालवली तर चांगली चालली." त्यांनी वही मिटून ठेवली. "गाडी आठ दिवस ठेवून घ्यायला हवी होती मी. तुम्ही हौसेनं करता, साहेब. माझं तर पोट आहे यावर. कोऱ्या मेमरीवर विश्वास ठेवायचा नसतो हे मला कळायला नको? ताईंनी माझ्या आईला चालतं केलं होतं. तुम्हाला माहीत नसेल. एक पैसा घेतला नाही."

त्याला माहीत नव्हतं. हिने कधी सांगितलं नव्हतं.

"मुलगी आली तेव्हा ही वही का नाही दाखवलीत?"

"काढली होती," मिस्त्री म्हणाले. "ती फार बोलत होती. बोलू दिलं. वही हातात होती माझ्या. मग म्हटलं, आई गेली पोरीची. आता बाप तेवढा राहिलाय. कोर्टानं मागितली तर द्यावी लागेल, खोटं नाही बोलणार मी. पण आपण होऊन नाही." ते पुन्हा बाकावर बसले आणि रॉकेलमधला तो भाग हातात घेऊन नुसता धरून राहिले. पुसलेला काटा पाहून गप्प बसणारा साहेब आणि कोरी मेमरी पाहून गप्प बसणारा मिस्त्री, दोघंही सभ्य माणसं. दोघांनीही एकमेकांना जपलं होतं, आणि ज्या बाईला जपायचं होतं ती त्या दोघांच्या मधून निसटून गेली होती. त्याला रडू आलं. चार महिन्यांत, दवाखान्यात, घरी, माणसं येत-जात असताना ते कधी आलं नव्हतं. ते आता, रॉकेलच्या वासात, उभ्या उभ्या आलं. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. तेवढी भीड त्यांनी त्याही वेळी पाळली.

तो चालत निघाला. बस होत्या, रिक्षा होत्या, पण त्याला ते अंतर पायाखाली घालायचं होतं. गाडीत बसून त्या शनिवारी हेच अंतर त्याने पस्तीस मिनिटांत काटलं होतं, गाणं गुणगुणत. काय पुसलं त्याचा विचारही न करता. पहिल्या दोन किलोमीटरांत बूट चावू लागला. रंगाची दुकानं, गादीवाला, बंद पडलेलं थिएटर. या प्रत्येक ठिकाणी मागे फिरता आलं असतं, असं त्याच्या मनात येत होतं. गादीवाल्यापाशी गाडी बाजूला घेऊन मिस्त्रींना फोन करता आला असता. नाक्यावर सिग्नल लाल होता, तेव्हाही. गॅरेजमध्ये पोचल्यावर, पेपर धरून बसल्यावर, नुसतं एवढं म्हणायचं होतं की मिस्त्री, एक सांगायचं राहिलं. अकरा किलोमीटर म्हणजे काही थोडं अंतर नाही. एका वाक्याला पुरे होतं. सातव्या किलोमीटरला पोटऱ्या भरून आल्या आणि तो एका पायरीवर टेकला. ही असती तर म्हणाली असती, डाव्या पायावर भार टाकत नाही आहात तुम्ही. त्याने उठताना मुद्दाम डाव्या पायावर भार टाकला. फोन काढला, ती हिरवी पट्टी अजून होती. जोडायची का? 'हिची गाडी' हे नाव तो बराच वेळ पाहत राहिला. अंगठा पुसायच्या बटणापर्यंत गेला आणि त्याने फोन तसाच खिशात टाकला. पुष्कळ पुसून झालं होतं.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. मुलीने दार उघडलं, त्याच्या बुटांकडे, घामाने चिकटलेल्या शर्टाकडे पाहिलं. "बाबा! फोन का उचलत नव्हतात? कुठून येताय असे?"

"मिस्त्रींच्या गॅरेजवरून. चालत."

"चालत?" ती म्हणाली. "अहो, अकरा किलोमीटर आहे ते!"

तिने ते सहज म्हटलं होतं. भांडायला गेली होती तेव्हाचं रिक्षाचं अंतर तिच्या लक्षात राहिलं असेल. तो टेबलाशी खुर्ची ओढून बसला. चार पानं तिथेच होती, वर पेन ठेवलेलं होतं. तो कागदांजवळ बसलेला पाहून तिला वाटलं, आज बाबांनी मन घट्ट केलं. ती समोर येऊन बसली, पेन उचलून टोपण काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याने ते घेतलं, कागदावर आडवं ठेवलं. "आधी ऐक," तो म्हणाला. आणि त्याने सांगितलं. डबी, तीन वेळा लागलेला दिवा, बेचाळीसचा वेग, पार्किंग, बटण, मिस्त्रींच्या वहीतली ओळ. गाडीचं काही सोडलं नाही, काही पुसलं नाही. सांगताना तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता, कारण न पाहता सांगणं म्हणजे पुन्हा खाली वाकून बूट काढण्यासारखंच झालं असतं.

ती म्हणाली, "डबी मी दिली होती."

"डबीचं काही नाही गं. डबीनं खरं तेच सांगितलं होतं. तीनदा सांगितलं."

ती कागदांकडे पाहत होती, आईचं वय लिहिलेल्या पहिल्या पानाकडे. तिचा आवाज इतका लहान झाला होता की त्याला तिचं पाचवीतलं तोंड आठवलं. "आईला काय सांगितलं होतंत तुम्ही?" तिने विचारलं. "त्या दिवशी. गॅरेजवरून आल्यावर."

हे त्याने मिस्त्रींनाही सांगितलं नव्हतं.

"सगळं दाखवलं म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "ती 'मग झालं' म्हणाली."

मुलीने पेन मिटायला उचललं. त्याचं टोपण तिला पटकन सापडेना. ते टेबलाच्या कडेला, त्याच्या हाताजवळ घरंगळत गेलेलं होतं. त्याने ते उचलून तिच्याकडे धरलं. तिने ते घेतलं नाही.